धावपळीचे ऋण

जपानी मेजवानीला ‘काइसेकी’ म्हणतात. हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका लेखनात त्याचा अर्थ मंडळींची बैठक, म्हणजे उत्सवी भोजन. दुसऱ्यात ‘उराशी धरलेला दगड’. झेन भिक्षू भूक शमावी म्हणून तापवलेला दगड वस्त्राआड धरीत, अशी आख्यायिका आहे. सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याच्या चहापरंपरेतले साधे जेवण या दुसऱ्या लेखनाशी जोडलेले आहे. मेजवानीच्या नावातच भुकेची आठवण असावी, हे मला विलक्षण वाटते.

शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळ राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने गेल्या हिवाळ्यात असे सात पदार्थांचे निरामिष जेवण रांधले. निमित्त होते तिने मूळ जपानीतून केलेला कथासंग्रहाचा अनुवाद पुरा झाल्याचे. दिवसा कारखान्यांची यंत्रपुस्तके मराठीत आणायची आणि रात्री कथा, असे नऊ वर्षे चालले होते. प्रकाशक अजून मिळालेला नाही. पण त्यासाठी आनंद लांबणीवर टाकायला ती तयार नव्हती.

आधी तिळाचे गोमादोफू, मग कोंबू या समुद्रशैवालाचे नितळ सार, मिसो लावून भाजलेले वांगे, शिजवलेला लाल भोपळा... एकेक वाडगा येई, रिकामा होई, मगच दुसरा. आपल्या पानात डावी-उजवी बाजू एकदमच मांडलेली असते, जणू खंडकाव्य उघडून ठेवावे. इथे प्रत्येक पदार्थाभोवती हायकूसारखी मोकळी जागा होती. शेवटी भात, मिसोचे सार, लोणचे आणि पुरंदरचे अंजीर. तिच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईंना मात्र आग्रहाविना वाढणे काही केल्या पटेना. “एवढंसंच? आणि ‘घे गं’ सुद्धा म्हणायचं नाही?”

जेवण संपल्यावर जपानी माणूस ‘गोचिसोसामा’ म्हणतो. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ, पाहुण्यासाठी सामग्री जमवताना यजमानाची झालेली. कथांतून हा शब्द वारंवार येतो आणि त्याला मराठी प्रतिशब्द काय द्यावा, हे तिचे अखेरपर्यंत न सुटलेले कोडे. मी सुचवले, “अन्नदाता सुखी भव.”

आई पटकन म्हणाल्या, “तो आशीर्वाद घरच्या कर्त्याला. साठ वर्षं रांधलं मी. पंगतीत म्हणायचे सगळे, पण स्वयंपाकघराकडे वळून कुणी म्हटल्याचं आठवत नाही.”

आम्ही दोघी गप्प झालो. दोन्ही शब्द कृतज्ञतेचेच, हे खरे. पण एकाची नजर दानावर आहे आणि दुसऱ्याची कष्टांवर. दाता आणि रांधणारी यांच्यामधले हे अंतर कोणत्याही शब्दकोशात नोंदलेले नसते. आपल्या भाषेत कोणाचे आभार मानायचे राहून गेले, हे कधीकधी परक्या भाषेतला एक शब्द अडल्यावरच कळते.

हस्तलिखितात तिने ‘गोचिसोसामा’ तसाच ठेवला आहे. तळटीप मात्र नव्याने लिहिली.