जास्वंदीला कात्री हवी

जास्वंद फुलत नाही अशी तक्रार घेऊन माणूस रोपवाटिकेत गेला की तिथून तो बहुधा एखादी बाटली घेऊन परततो. कधी ते फुलांचे टॉनिक असते, कधी पिठ्या ढेकणाचे औषध, कधी डीएपीची पुडी. कात्री घेऊन परतणारा क्वचितच दिसतो. अंगणात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत इतकी वर्षे जास्वंद वाढवल्यावर माझे मत पक्के झाले आहे की या झाडाची पहिली गरज छाटणी ही आहे. खत, औषध आणि बाकीचे उपाय त्यानंतर येतात, आणि छाटणी वेळेवर झाली तर त्यातले निम्मे लागतही नाहीत. घरातल्या झाडावर कात्री चालवणे अनेकांच्या जिवावर येते, त्यातून ते गणपतीला वाहायच्या फुलाचे झाड असले तर अधिकच. म्हणून हे म्हणणे नीट कारणे देऊन मांडायला हवे.

जास्वंदीचे फूल एका दिवसाचे असते. सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत मिटू लागते. एखाद्या झाडावर महिनाभर रोज फुले दिसतात तेव्हा रोज नव्या कळ्या तयार होत असतात. ही कळी येते पानाच्या बेचक्यात, आणि तीही त्या हंगामात वाढलेल्या कोवळ्या फांदीवर. करड्या सालीच्या जुन्या लाकडावर कळी धरत नाही. एवढे लक्षात घेतले की हिशेब सोपा होतो. झाडावर वाढती टोके जितकी, तितकी फुले. न छाटलेली जास्वंद दोन-तीन फांद्यांवर सरळ वर जाते, खालून बोडकी होते आणि फुले गच्चीच्या कठड्यापाशी, हात न पोहोचेल तिथे लागतात. फांदीचा शेंडा शाबूत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. तो कापला की खालचे दोन-तीन डोळे एकदम जागे होतात आणि एका टोकाची तीन टोके होतात. टॉनिकने जे साधत नाही ते या एका कापाने साधते.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की मग सोसायटीच्या किंवा रस्त्याच्या कडेची जास्वंदीची कुंपणे एवढी छाटली जातात, त्यांना फुले का नसतात? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्याच नियमात आहे. ती कुंपणे दर काही आठवड्यांनी मोठ्या कात्रीने वरून सपाट केली जातात. कोवळी फूट जेमतेम वीतभर वाढते, कळी धरण्याच्या बेतात येते आणि तेवढ्यात कापली जाते. अजिबात न छाटलेले झाड आणि सतत छाटलेले कुंपण अशी दोन टोके आहेत, आणि फुले दोन्हीकडे कमी. म्हणून छाटणी वर्षातून एकदा किंवा दोनदा, आणि मधल्या काळात फांदीला हात लावायचा नाही. एकाच वेळी झाडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, धारदार सिकेटरने तिरका काप द्यावा. सुकलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात. रोपवाटिकेत ज्यांना ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणतात त्या मोठ्या, बहुरंगी फुलांच्या संकरित जातींना मात्र हात हलका हवा. त्यांची वाढ मंद असते आणि बऱ्याचदा त्या गावठी जास्वंदीवर कलम केलेल्या असतात. कलमाच्या खालून आलेली फूट गावठीची असते, ती दिसताच काढून टाकावी, नाहीतर वर्षभरात मूळ कलम मागे पडते.

दुसरा आक्षेप कोकणातून येतो. तिथे घराघराच्या कुंपणाला लाल जास्वंद असते, तिची कोणी निगा राखत नाही आणि तरी ती फुलांनी लगडलेली असते. याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे ती अगदीच न छाटलेली नसते. वई नीट करताना तिच्या फांद्या तोडल्या जातात, गुरे तोंड घालतात, वाटेत आलेला फाटा जाणारा-येणारा मोडतो. दुसरे कारण मातीचे. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि पाण्याचा निचरा करणारी, जास्वंदीला हवी तशी. देशावरची काळी माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते, त्यात बोअरचे जड पाणी पडते. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. मग शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशी कोवळी पाने दिसू लागतात. बरेच जण ही भुकेची खूण समजून खत वाढवतात. त्यातही फुलांसाठी म्हणून स्फुरदाचे खत घातले तर लोहाची टंचाई वाढते, कारण मातीत जादा साठलेले स्फुरद लोह आणि जस्त यांच्या वाटेत येते. साधे हिराकस अशा मातीत लवकर निकामी होते. चिलेटेड लोह, भरपूर कंपोस्ट आणि शक्य तिथे साठवलेले पावसाचे पाणी यांचा उपयोग अधिक होतो. छाटणीने हा दोष जात नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पाच-सहा तास ऊन न मिळणाऱ्या गॅलरीतही छाटणी काही करू शकत नाही. तिथे दुसरे झाड निवडावे.

सर्वांत वजनदार आक्षेप पिठ्या ढेकणाचा आहे. पांढऱ्या कापसासारखा थर शेंड्यांवर चढलेला पाहिला की फवारणीवाचून गत्यंतर नाही असे वाटते. जास्वंदीवर येणारी यातली एक जात नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना चांगली ओळखीची आहे; ते तिला मिलीबग म्हणतात. हीच कीड 1994 साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर पोहोचली आणि तिथली जास्वंद, फळझाडे, जंगली झाडे यांची तिने दैना केली. औषधांनी ती आटोक्यात आली नाही. आली ती बाहेरून आणून सोडलेल्या मित्रकीटकांमुळे, मुख्यतः एका बारीकशा परजीवी गांधीलमाशीमुळे. फवारणी का अपुरी पडते हे किडीच्या राहण्यावरून कळते. अंगावर मेणाचा थर आणि वस्ती गुरफटलेल्या शेंड्याच्या आत, म्हणजे औषध पोहोचत नाही. कीड रस शोषताना सोडते त्या लाळेमुळे शेंडा आखडतो, पाने गोळा होतात, आणि असा शेंडा पुन्हा सरळ होत नाही. तो कापून, पिशवीत बांधून बाहेर काढणे हाच त्यावरचा खरा उपाय, आणि तो छाटणीचाच भाग आहे. मधली दाटी कमी झाली, आत ऊन-वारा खेळू लागला की उरलेल्या किडीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि साबणाच्या सौम्य द्रावणाने आवरता येते. बुंध्यावरच्या मुंग्यांकडेही पाहायला हवे. त्या किडीच्या गोड स्रावासाठी येतात आणि तिच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्यांची वाट बंद केली तर मित्रकीटक त्यांचे काम करू शकतात.

या मित्रकीटकांपैकी एकाची ओळख करून देणे मला फार गरजेचे वाटते. क्रिप्टोलेमस नावाचा ऑस्ट्रेलियन भुंगेरा भारतात 1898 साली आणला गेला आणि आज द्राक्षबागांतही सोडला जातो. त्याची अळी पिठ्या ढेकूण खाते. पण तिच्याही अंगावर पांढरे मेणाचे धागे असतात, त्यामुळे ती मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडली जाते. ती आकाराने मोठी असते आणि भराभर चालते. पिठ्या ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही. एवढी खूण ध्यानात ठेवली तरी पुष्कळ. आंतरप्रवाही कीटकनाशक मातीत ओतणाऱ्यांनी तर आणखी एक विचार करावा. ते औषध झाडाच्या रसात शिरते आणि मकरंदातही उतरू शकते. जास्वंदीवर शिंजीर रोज येतो. तेच फूल आपण देवाला वाहतो, तेलात उकळतो, कोणी त्याचा चहा करतो. अशा झाडात विष भरणे मला कोणत्याही हिशेबात बसत नाही.

राहिला मनाचा आक्षेप, की हिरवे झाड कापवत नाही. ही भावना चांगली आहे. पण जास्वंदीचा इतिहास पाहिला तर ती कात्रीला परकी नाही. लिनीयसने 1753 साली तिला चीनचा गुलाब अशा अर्थाचे नाव दिले, पण खरी रानटी जास्वंद कुठल्याच जंगलात सापडलेली नाही. ती संकरातून आलेली, माणसाच्या अंगणातच वाढलेली आहे. आपल्याकडची लाल दुहेरी जास्वंद सहसा बीही धरत नाही. माणसांनी तिची फांदी तोडली, दुसरीकडे लावली, आणि अशीच ती आशियाभर आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर पसरली.

वेळेचा हिशेब तेवढा चुकवू नये. छाटणीनंतर नवी फूट वाढून कळ्या धरायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. गणेश चतुर्थी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास येते, म्हणजे पुणे-नाशिककडे मेच्या अखेरीस छाटणी उरकलेली हवी. विदर्भात तेव्हाचे ऊन उघड्या पडलेल्या सालीला भाजते, तिथे पहिला पाऊस पडून हवा निवेपर्यंत थांबावे आणि हलकीच छाटणी करावी. सगळ्या फांद्या एकदम न कापता निम्म्या आधी आणि निम्म्या तीन-चार आठवड्यांनी कापल्या तर पूजेच्या फुलांत खंड पडत नाही. छाटलेल्या फांद्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी फांद्या फेकू नका. वीतभर लांबीचे तुकडे करून, खालची पाने काढून, जूनच्या ओल्या मातीत खोचा आणि जगलेली रोपे शेजाऱ्यांना द्या.