दोन घरट्यांमधले दिवस

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एकाच हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकते. कोकणात हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. वेळासच्या किनाऱ्यावर रात्रीच्या गस्तीत मी पाहिलेली मादी भरतीरेषेच्या वर आली, मागच्या पायांनी तिने सुरईच्या आकाराचा खड्डा खणला, अंडी घातली, अंगाच्या भाराने वाळू दाबली आणि पुन्हा लाटांत शिरली. किनाऱ्यावरच्या माणसाला दिसते ते एवढेच. पुढच्या घरट्याची तयारी पाण्यात होते.

एक घरटे पूर्ण झाल्यावर थोड्याच काळात अंडाशयातून पुढची अंडी सुटतात. त्यासाठी पुन्हा समागम लागत नाही; मादीच्या शरीरात साठलेले शुक्राणू पुरतात. अंडनलिकेत अंड्यावर कवच चढते. तिथे प्राणवायू कमी असल्याने गर्भाची वाढ सुरुवातीलाच थबकते आणि अंडी वाळूत पडल्यावर पुढे सरकते. एकेकट्या येणाऱ्या माद्यांमध्ये दोन घरट्यांमधले अंतर साधारण दोन आठवड्यांचे, तर ओडिशातील गहिरमाथ्यासारख्या सामूहिक विणीच्या ठिकाणी सुमारे चार आठवड्यांचे असते.

या काळात मादीला शक्ती जपायची असते. कासवाला कल्ले नसतात. ते फुप्फुसांनी श्वास घेते. पृष्ठभागावर येऊन घेतलेल्या काही श्वासांवर ते बराच वेळ पाण्याखाली राहते. बुडी मारल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात आणि फुप्फुसे, रक्त व स्नायूंतला प्राणवायू पुरवून वापरला जातो. छातीत भरलेली हवा अंगाला वर उचलते. खोल जावे तसा दाब वाढून ती आकसते आणि ही उचल कमी होते. त्यामुळे विसाव्यासाठी कासव आपल्या श्वासाला जुळणारी खोली निवडते. हिरव्या कासवाच्या माद्या अशा वेळी उथळ समुद्रतळावर निश्चल पडून राहतात. चामडी पाठीचे कासव मात्र 1000 मीटरहून खोल जाऊ शकते. त्याची फुप्फुसे दाबाने मिटतात आणि त्याची भिस्त रक्त व स्नायूंतल्या प्राणवायूवर असते.

पाण्याखालचा हा वावर समजण्यासाठी बुडीची खोली व वेळ नोंदवणारी उपकरणे आणि उपग्रह टॅग वापरतात. जानेवारी 2022 मध्ये वेळासला ‘प्रथमा’ या मादीच्या पाठीवर टॅग बसवला गेला. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाचा तो उपक्रम होता. अशा टॅगचा अँटेना पाण्याबाहेर आला तरच संदेश जातो. म्हणून मादी श्वास घ्यायला वर येते तेव्हाच तिचा ठावठिकाणा कळतो.

पुढच्या खेपेची अंडी पोटात घेऊन मादी बहुधा किनाऱ्याजवळच्या पाण्यात असते आणि तिथेच मासेमारीची जाळीही ओढली जातात. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर ती गुदमरते. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्य शासन भरपाई देते. ही माहिती प्रत्येक बंदरावर पोहोचायला हवी. घरट्याभोवती कुंपण घालतो तशीच विणीच्या हंगामात समोरच्या पाण्याचीही राखण झाली पाहिजे.