होरेनसो

गेल्या माघांत चिरंजीवांकडे तोक्योस जाण्याचा योग आला. त्या शहराच्या एदोगावा भागांतील निशी-कासाई येथें भारतीय कुटुंबांची बरीच वस्ती असून तींत मराठी घरेंही आहेत. आमचा सहा वर्षांचा नातू तेथेंच जन्मला. तो मराठी बोलतो. परंतु वस्तूंचीं नांवें बहुधा जपानी.

एके सकाळीं भाजीच्या दुकानांत, मुळाशीं गुलाबी झांक असलेली हिरवीगार जुडी पाहून आम्ही म्हणालों, "पालक घेऊं या." तो म्हणाला, "आजोबा, हा पालक नाहीं, होरेनसो!" उभा जन्म मुलांस शब्द शिकविण्यांत गेलेल्या माणसास घरचाच एक शब्द असा परका झालेला पाहून काय वाटलें असेल, हें वाचकांनींच जाणावें.

घरीं येऊन आम्हीं त्या नांवाचा शोध घेतला. 'सो' म्हणजे तृण. 'होरेन' हें चिनी 'बोलंग' शब्दाचें जपानी रूप. चिनी नोंदींप्रमाणें इ. स. ६४७ मध्यें नेपाळच्या राजानें थांग घराण्यांतील सम्राट थाइत्सुंग यास पाठविलेल्या भेटींत ही भाजी होती. 'बोलंग' हें परक्या शब्दाचें उच्चारानुसारी लेखन होय, आणि भाषापंडित त्याचा संबंध आपल्या पालंक-पालक या शब्दांशीं जोडतात. चीनमध्यें पुढें 'लंग' गळून 'बोत्साय' झालें. 'त्साय' म्हणजे भाजी. जपानींत ओष्ठ्य वर्णाचा 'ह' होणें नेहमींचें. 'ल' तर तेथें नाहींच. त्याच्या जागीं 'र' येतो. 'रलयोरभेदः' हा आपल्या पंडितांचा न्याय समुद्रापलीकडेही चालतो तर!

अर्थात् नातें नांवाचें, वनस्पतीचें नव्हे. आपला जुना देशी पालक बीटच्या जातीचा. ही भाजी मूळची इराणकडील. म्हणूनच चिनी लोक तिला 'पारसीक तृण' असेंही म्हणत.

सायंकाळीं नातवास हें सारें सांगितलें. थोडा विचार करून तो म्हणाला, "म्हणजे पालक हा होरेनसोचा पणजोबा!" आमचें समाधान झालें. सूनबाईंनीं ताकांतली पातळ भाजी वाढली. नातवानें दोन घांस खाल्ले आणि उकडून सोयाच्या रसांत भिजविलेली 'ओहिताशी' मागितली. मासळीचा कीस वगळून ती आम्हांसही वाढण्यांत आली. चव वाईट नव्हती. मात्र मागतांना आम्हीं "पालक" म्हटलें, आणि वाटी त्यानेंच पुढें केली.