जमीन लोखंड खाते!

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, आज माझीच एक चूक सांगते.

मी धुळे तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मागच्या मार्चमध्ये चौथीतल्या एका मुलाचा गृहपाठ सलग तीन दिवस राहिला. मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "असाच राहिलास तर वेल्डिंग करत बसशील!" वर्ग हसला. मधल्या सुट्टीत एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, त्याचे पप्पा वेल्डिंगच करतात." मला कसंतरीच झालं.

त्या रविवारी माहेरी, चाळीसगावकडे गेले होते. दादाने पलटी नांगराचे झिजलेले दोन फाळ दिले, धुळ्यात करून आण म्हणाला. मी मुद्दाम त्याच दुकानात गेले.

"भाऊ, हे एवढे कसे झिजतात हो?"

"मॅडम, जमीन लोखंड खाते," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. आपल्या काळ्या मातीत बारीक गारगोट्या असतात. मोहसच्या काठिण्य श्रेणीत गारगोटीचा क्रमांक ७, तर साधं लोखंड ४-५ च्या आसपास. म्हणजे प्रत्येक तासाला माती फाळाला ओरखडतच असते.

भाऊंनी ग्राइंडरने गंज काढला, टोकाला नवा तुकडा जोडला आणि मग वेगळा रॉड घेऊन वर थर चढवला. या रॉडमध्ये क्रोमियम आणि कार्बन असतो. वितळून थंड होताना त्यांचे क्रोमियम कार्बाइडचे कण बनतात, ते गारगोटीपेक्षाही कठीण! याला हार्डफेसिंग म्हणतात.

मी विचारलं, "मग अख्खा फाळच याचा का नाही करत?"

"दगड लागला की फुटेल ना. आतून चिवट पाहिजे, वरून टणक."

अशाच प्रश्नांवर हैदराबादच्या ए.आर.सी.आय. मध्ये आणि तिरुचिरापल्लीच्या वेल्डिंग संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ काम करतात. आपल्या दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्रांतही कोळशाची राख नळ्या झिजवते, तिथेही असे थर कामाला येतात.

तेवढ्यात माझा विद्यार्थी काळी काच घेऊन आला. "मॅडम, तसं बघू नका, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं." मी ज्याला हसवलं होतं, तो माझे डोळे जपत होता.

तिथेच कळलं, नांगरटीच्या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत चालतं, आई मजुरीला जाते आणि धाकट्या बहिणीला हाच सांभाळतो. मी कारण विचारलंच नव्हतं.

सोमवारी वर्गासमोर त्याची माफी मागितली. नंतर भाऊंना एक तास घ्यायला बोलावलं. "मी सातवी शिकलेलो, मी काय शिकवू?" म्हणत का होईना, आले. त्यांनी मुलांना खिळा आणि गारगोटी एकमेकांवर घासायला लावली. गारगोटीवर करडी रेघ दिसली, पण ओल्या बोटाने पुसली गेली. ते खिळ्याचंच लोखंड होतं. खिळ्यावरचा ओरखडा मात्र गेला नाही.

हा प्रयोग तुमच्या वर्गात जरूर करा, खर्च शून्य. आणि पालकहो, मुलांना धाक दाखवायला कुणाच्या कामाचं नाव घेऊ नका. त्याचा गृहपाठ अजूनही कधीकधी राहतो. पण आता मी आधी कारण विचारते.