बांधणे आणि सोडणे

आमच्या पेडणे व डिचोली महालांतील भाविकांस अलीकडे केदारनाथ जवळ आल्यासारखे वाटू लागले आहे. 2023 सालापासून मोपाहून प्रवासी विमाने उडतात, आणि पुढची अवघड चढण लहानशा हेलिकॉप्टरने आठ-दहा मिनिटांत ओलांडता येते. नार्व्याची आमची आत्याही याच वाटेने निघाली, सोबतीस मी.

तळावर आमची वजने झाली. डोक्यावर पंखा गरगरतच होता. कुणीतरी आत्याला आत बसवले, पट्टा आवळला आणि दार लोटले. मांडीवर पूजेचे गाठोडे, पट्ट्याखाली नऊवारीचा घोळ. वर पोहोचताच उतरण्याची घाई झाली. आत्याने पट्टा ओढला, हिसकला. परंतु बकलाची पट्टी वर उचलावी लागते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी हात घालून तो सोडवीपर्यंत काही क्षणच गेले असतील. पण तिच्या डोळ्यांतील भय मी विसरलो नाही. “दाव्याला बांधलेल्या वासरासारखे झाले रे,” ती मागाहून म्हणाली.

तेव्हा मला न्यूयॉर्कची दुर्घटना आठवली. 11 मार्च 2018 रोजी दारे उघडी ठेवून उडणारे एक हेलिकॉप्टर तेथील ईस्ट नदीत उतरून उलटले. प्रवासी खाली पडू नयेत म्हणून त्यांना जादा पट्ट्यांनी पाठीमागून जखडले होते. त्यांतल्याच एका पट्ट्यात इंधन बंद करण्याचा दांडा अडकला आणि इंजिन थांबले. वैमानिक आपला पट्टा सोडून वाचला. पाचही प्रवासी बुडाले. रक्षणासाठी घातलेले बंधनच त्यांचा काळ ठरले.

म्हणून पट्टा नको, असे मात्र कोणी समजू नये. 15 जून 2025 रोजी गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सातही जण गेले. तशा आघातापुढे पट्टा तरी काय करणार? परंतु त्याच महिन्याच्या 7 तारखेला केदारच्याच वाटेवर एक हेलिकॉप्टर रस्त्यावर उतरवावे लागले आणि पाचही यात्रेकरू सुखरूप राहिले. अशा हादऱ्यांसाठीच पट्टा असतो. तो पोटावर नव्हे, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट बसावा. त्यास पीळ नसावा, खाली गाठोडे वा पदर नसावा. खांद्यावरचे पट्टे असल्यास तेही घ्यावेत. त्यांच्यामुळे डोके व छाती पुढे आदळत नाही.

आमच्या कुळागरातील पाडेली माडावर चढताना पायांत दोरीचा फास घालतो. तो कसा घालावा नि कसा काढावा, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. यात्रेकरूने एवढेच शिकावे. बांधणारा हात दुसऱ्याचा असेल. सोडणारा हात आपलाच असला पाहिजे.

परतताना आत्याने पट्टा स्वतः लावला, दोनदा उघडून पाहिला आणि मगच डोळे मिटून देवाचे नाव घेतले. आता गावातून कोणी केदारास निघाले, की ती प्रथम विचारते, “पट्टा सोडता येतो ना?”