बंद पडलेली तबकडी

घड्याळ बंद पडलें तर तें घरांतल्या लहान मुलासहि कळतें, कारण त्याचे कांटे फिरावयाचे थांबतात. गेल्या भाद्रपदांत आमच्या घरचें जें यंत्र बिघडलें त्याची तऱ्हा निराळी होती. त्यांतील गाणीं पूर्वींप्रमाणेंच वाजत होतीं, चित्रपट दिसत होते. आणि आम्हीं सहज म्हणून त्याचें नियंत्रणाचें पान उघडलें नसतें, तर दुसऱ्या क्रमांकाच्या हार्ड डिस्कपुढें उमटलेली तांबडी फुली आणखी महिनाभर तरी आमच्या दृष्टीस पडली नसती.

हें यंत्र म्हणजे बैठकीच्या खोलींत टीव्हीशेजारीं ठेवलेली एका जुन्या संगणकाची पेटी. घरांतील छायाचित्रें, गाणीं, चित्रपट असें सर्व तिच्यांत सांठविलेलें, आणि ज्याला जें हवें तें त्यानें आपापल्या खोलींत बसून ऐकावें वा पाहावें, अशी ही घरगुती सर्व्हरची सोय आहे. पेटींत चार डिस्का आहेत. प्रत्येक चार टेराबाइटची. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली तेव्हां तींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारें एक टन होतें, आणि एवढ्या खटाटोपानें तींत पन्नास लाख अक्षरें मावत. आमची एक डिस्क तळहातावर राहते आणि तशा आठ लाख यंत्रांचा मजकूर पोटांत घेते. इतकें सारें एका तळहातावर ठेवणें शहाणपणाचें कीं वेडेपणाचें, हा विचार मात्र ती फुली दिसेपर्यंत आमच्या मनांत आला नव्हता.

फुली चित्रपटांच्या डिस्कवर पडती तर आम्हीं एवढा धसका घेतला नसता. दुसऱ्या डिस्कवर आमच्या आत्याचा आवाज होता. १९८६ च्या उन्हाळ्यांत पंचवटींतील जुन्या घरीं आम्हीं तिच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर उतरून घेतल्या होत्या. सगळ्या मिळून दीड तास. पुढें पांच वर्षांनीं ती गेली. २०१२ सालीं त्या कॅसेटी आम्हीं संगणकावर चढविल्या, आणि घर बदलतांना 'आतां संगणकावर आहेतच ना,' असें म्हणून रद्दीवाल्यास देऊन टाकल्या. हें म्हणणारे आम्हीच. दुसऱ्या कोणास बोल लावण्याची सोय नाहीं.

आमचा एक पुतण्या पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. त्यास फोन लावला. तोंपर्यंत घरांत निदानें सुरू झालीं होतीं. आमच्या मतें डिस्कच निकृष्ट निघाली; घरांतल्या मंडळींच्या मतें दोष पावसाळी हवेचा; शेजाऱ्यांच्या मतें विजेच्या चढउताराचा. "अहो, एकदा बंद करून पुन्हा चालू तर करा," असें सौभाग्यवती म्हणाल्या, आणि आमचा हात बटणाकडे वळतो तोंच पुतण्या फोनवरून ओरडला, "काका, बटणाला हात लावू नका! आधी लॉग उतरवून घ्या."

लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. आमच्या प्रणालींत ती डिस्कवर न राहतां तात्पुरत्या स्मृतींत राहते, आणि यंत्र बंद होतांच पुसली जाते. चोरी झालेल्या घरांतील पाउलें केरसुणीनें झाडून टाकण्याचाच तो प्रकार झाला असता. रोजनिशी उतरून पाहिली तों तींत असें निघालें कीं, डिस्कशीं असलेली जोडणी पुनःपुन्हा तुटत व जुळत होती, आणि अखेर एका क्षणीं तिच्यावर लिहिणें फसलें. एकदां लिहिणें फसलें कीं ही प्रणाली त्या डिस्कवर विश्वास ठेवीत नाहीं. तिला पंक्तींतून उठविते. म्हणजे त्या फुलीचा अर्थ 'डिस्क मेली' असा नसून 'डिस्क बाजूस बसविली' एवढाच होता. आम्हीं मात्र सुतक धरूनच बसलों होतों.

मग गाणीं वाजत होतीं तीं कशीं? याचें उत्तर चौथ्या डिस्कपाशीं आहे. तिच्यावर स्वतःचा असा मजकूर कांहींच नसतो. पहिल्या तीन डिस्कांवर एकाच जागीं १, ०, १ असे अंक असतील, तर त्यांतील एकांची संख्या सम भरते, म्हणून चौथीवर ० लिहितात. विषम भरली असती तर १ लिहिते. आतां दुसरी डिस्क नाहींशी झाली असें समजा. उरलेल्यांवर १, १ व ० आहेत. एकूण एकांची संख्या सम राहण्यास गेलेल्या जागीं ० च असला पाहिजे. मराठी शाळेंतील मुलाच्या आटोक्यांतला हा हिशेब यंत्र सेकंदास कोट्यवधि वेळां करतें आणि नसलेली डिस्क असल्यासारखी दाखवितें. बर्कली येथील विद्यापीठांत पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं स्वस्त डिस्कांचे असे समूह बांधण्यावर १९८८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला, तेव्हांपासून ही विद्या विशेष फैलावली.

हें समजल्यावर आम्हीं आत्याची पहिली फीत लावली. जात्याची घरघर, मग तिचा किंचित् घोगरा सूर, आणि चार ओव्या संपल्यावर तिचा तो प्रश्न: "झालं का रे? बंद केलंस का ते?" तिला त्या टेपरेकॉर्डरचा फार संकोच वाटे. जी डिस्क पंक्तींत नव्हती तिच्यावरचा हा आवाज निव्वळ बेरजेंतून येत होता. सौभाग्यवती कांहीं न बोलतां स्वयंपाकघरांत निघून गेल्या.

परंतु हा आधार एकाच पायाचा असतो. अशा स्थितींत आणखी एक डिस्क गेली असती, तर हिशेब जुळविण्यास आंकडेच पुरले नसते. म्हणून त्याच रात्रीं ओव्यांची एक नक्कल पेन ड्राइव्हवर काढली, आणि दुसरे दिवशीं तपासणीस लागलों.

गोदावरीस पूर आला म्हणजे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्यास लागलें कीं कमरेस, यावरून खालच्या पेठांतील दुकानदार माल हलवावयाचा कीं नाहीं हें ठरवितात. डिस्कच्या पोटांतहि तिनें स्वतःच ठेवलेली अशी एक खूण असते; तिला स्मार्ट म्हणतात. खराब होऊन बदललेल्या जागा किती, संशयित जागा किती, असे आंकडे तींत नोंदलेले असतात. आमच्या डिस्कचे हे दोन्ही आंकडे शून्य होते. फुगलेला होता तो १९९ क्रमांकाचा आंकडा. डिस्क आणि मुख्य फलक यांमध्यें जो मजकूर तारेंतून जातो त्याबरोबर पडताळ्याची एक संख्या जात असते. ती पलीकडे जुळली नाहीं कीं हा आंकडा एकानें वाढतो. तो ४१२ वर गेला होता. पुतण्या म्हणाला, "काका, डिस्क निर्दोष दिसतेय. तार बघा." मात्र त्यानें एक इशाराहि दिला. गूगलच्या संशोधकांनीं आपल्या लाखावर डिस्कांचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत बिघडलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकीं एकहि दाखविली नव्हती. मारुतीचे पाय कोरडे आहेत एवढ्यावरून घरांत पाणी शिरणारच नाहीं असें धरून चालतां येत नाहीं.

यंत्र रीतसर बंद करून पेटी उघडली. दुसऱ्या डिस्कची तांबडी तार पेटीच्या बाजूच्या पत्र्याखालीं चेपून तिचें टोंक तिरपें झालें होतें. पेटी भिंतीकडे कोणीं रेटली, याची चौकशी करूं लागलों तेव्हां आठवलें कीं, गणपतीच्या आराशीची दिव्यांची माळ त्या मागच्या प्लगास लावण्यासाठीं आम्हींच गुडघा देऊन ती रेटली होती. हवा, वीज आणि डिस्कचा कारखानदार यांची आम्हीं मनांतल्या मनांत क्षमा मागितली.

महात्मा गांधी रस्त्यावरून नवी तार आणली, किंमत नगण्य. तार बदलली, डिस्कची सविस्तर चांचणी लावली. तिला आठ तास लागले आणि तींत डिस्क उत्तीर्ण झाली. तरी फुली जाईना! आम्हांस वाटलें, यंत्र हट्टास पेटलें. पण बाजू त्याची खरी होती. डिस्क पंक्तींतून उठल्यावर मधल्या काळांत जें लिहिलें गेलें तें केवळ हिशेबांत होतें, तिच्यावर नव्हतें. त्यामुळें तिचा मजकूर शिळा झालेला. तिला परत घ्यावयाचें तर हिशेबावरून सगळी पुन्हा लिहून काढली पाहिजे. 'फॉरमॅट' या शब्दाकडे मात्र चुकूनहि वळूं नये, असें पुतण्यानें तीनदां बजावलें. कारण डिस्क कोरी केली कीं तो कोरेपणाहि चौथी डिस्क इमानानें नोंदवून घेते, आणि मग हिशेबांतून कोरी डिस्कच परत मिळते.

येथें आमची खरी परीक्षा झाली. त्याच डिस्कवर पुन्हा लिहिलें तर खर्च शून्य. पण लिहितांना कांहीं विपरीत घडलें तर तिच्यावर असलेली चांगली प्रत हातची जाणार. नवी डिस्क आणावी तर बरेच हजार रुपये, तेहि निर्दोष डिस्क घरांत असतांना! आम्ही दोन दिवस घुटमळलों. मग मन फाळक्यांकडे वळलें. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरीं जन्मले, १९१३ सालीं त्यांनीं आपला चित्रपटांचा कारखाना नाशकास आणला आणि १९४४ सालीं ते याच गांवीं वारले. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकीं आज पहिलें व शेवटचें एवढींच उरलीं आहेत, आणि तींहि १९१७ च्या दुसऱ्या चित्रणांतील असावींत असें कांहीं अभ्यासकांस वाटतें. ज्या गांवाचा हा इतिहास, तेथें राहून आम्ही एका डिस्कच्या किमतीची घासाघीस करीत होतों. तिसऱ्या दिवशीं नवी डिस्क आणली.

पुनर्लेखनास साडेनऊ तास लागले. बाहेर पाऊस लागला होता. रात्रीं दीड वाजतां दिवे एकदां मिचकावले. इन्व्हर्टरनें सांभाळून घेतलें, तरी आम्ही उशीं घेऊन यंत्रापाशीं येऊन निजलों. पहांटे फुली जाऊन हिरवा ठिपका आला. ओव्यांची नवी प्रत जुन्या डिस्कवरील प्रतीशीं ताडून पाहिली. दोन्हींत एका अंकाचाहि फरक नव्हता.

जुनी डिस्क आतां कपाटांत आहे. ओव्यांची एक प्रत पुतण्याकडे पुण्यास आणि एक आत्याच्या लेकीकडे नागपुरास पाठविली. तिनें ती त्याच संध्याकाळीं ऐकली व फोन केला; बराच वेळ बोलली, मुख्यतः त्या जात्याविषयीं, जें शेवटीं कोणाकडे गेलें हें आमच्यापैकीं कोणासच आठवेना. येत्या गणपतीच्या माळेसाठीं जेवणघरांतून लांब वायर आणावी असें ठरलें आहे.