पाटीवरची भांडखोर माणसं

पुण्याला नावं तोकडी करण्याची भारी हौस. जंगली महाराज जे. एम. झाले, सेनापती बापट एस. बी. झाले, आणि अप्पा बळवंत मेहेंदळे एबीसी होऊन दर जूनला वह्या-पुस्तकांच्या गर्दीत चेंगरून निघतात. रिक्षात बसून ‘नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ’ असं म्हणून पाहा. रिक्षावाला आरशातून तुम्हाला एकदा नीट न्याहाळेल आणि विचारील, ‘एफ. सी. ना?’ पाटीवर गोखले, तोंडात फर्ग्युसन. जेम्स फर्ग्युसन हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. १८८५ साली निघालेल्या कॉलेजला त्यांनी १,२०० रुपये दिले. गोखल्यांनी त्याच कॉलेजात शिकवण्यात उमेदीची वर्षं घातली. फर्ग्युसनसाहेबांइतक्या स्वस्तात एवढी टिकाऊ कीर्ती पुण्यात दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

टिळकांचं आणि गोखल्यांचं हयातीत पटलं नाही. गंमत म्हणजे टिळक रस्ता मुठेच्या या काठाला आहे आणि गोखले पथ त्या काठाला. लकडी पुलाच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा. एकमेकांना ते कुठेच मिळत नाहीत. महापालिकेच्या नाव समितीने हे मुद्दाम केलं असेल असं मात्र वाटत नाही. इतका विनोद ठरावात मावत नाही.

ज्यांची नावं रस्त्यांना मिळाली ती माणसं बहुतेक भांडखोर होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं भांडण आपल्याच गावाशी होतं. माणूस हयात असेतो गाव त्याच्याशी दावा मांडतं, आणि तो गेला, की त्याच्या नावाची पाटी ठोकतं. हा एक तहच म्हणायचा. त्यात एक कलम न लिहिता असतं: नाव आम्ही ठेवून घेतो, भांडण तेवढं तुम्ही बरोबर न्या.

पेशवाईत अशी भानगड नव्हती. वाडा होता म्हणून चौकाला नाव पडलं, मामला संपला. अप्पांच्या चौकाला निदान एक गोष्ट तरी आहे. पर्वतीहून परतताना सवाई माधवरावांचा अंबारीत तोल गेला, अप्पांनी त्यांना सावरलं, आणि पेशव्यांनी खूश होऊन चौकाला त्यांचं नाव दिलं, असं सांगतात. मला त्या नावातला ‘बळवंत’ जास्त जवळचा वाटतो. ते अप्पांचे वडील. पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या डिसेंबरात, मुख्य लढाईच्या आधीच पडले. नवनीत आणि अपेक्षित प्रश्नसंच विकत घेणारी पोरं रोज त्या बापाचंही नाव घेतात.

कर्वे रस्त्याची तऱ्हा निराळी. ती वाट कर्व्यांनी आधी पायाखाली घातली, नाव मागाहून आलं. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं आणि त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांना वाळीत टाकलं. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुण्यात प्लेग आला, गावातल्या नजराही फारशा प्रेमाच्या नव्हत्या, तेव्हा आश्रम हलला तो थेट गावाबाहेर, हिंगण्याला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी तिथे सहा एकर जमीन दिली होती. १९०० साली तिच्यावर एक झोपडी उभी राहिली. मग कर्व्यांचा क्रम सुरू झाला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी पायी हिंगणे, सकाळी पायी पुन्हा पुणे. एका बाजूला चारेक मैल. वाट शेताडीतली, दिवाबत्ती नसलेली, पावसाळ्यात चिखलाची.

आज डेक्कनहून कोथरूडकडे निघालं की डोक्यावरून मेट्रो धावते, नळ स्टॉपला पुलावर पूल चढलाय. वाटेत एस. एन. डी. टी. नावाचं स्टेशन लागतं. तोकडेपणाची हद्द तीच. कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. चार इंग्रजी अक्षरांमागे एक आई उभी आहे. संध्याकाळी त्या स्टेशनखाली गाड्या तुंबल्या, की मी मनातल्या मनात कर्व्यांशी शर्यत लावतो. ते आतापर्यंत कर्वे पुतळ्याच्या पुढे निघून गेलेले असतात. पुतळ्याच्या पुढे कर्वे, हे वाक्य तेवढं चमत्कारिक होतं खरं. १९५८ साली, शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. इतकं जगले म्हणून गावाने आपल्याशी केलेला तह त्यांना डोळ्यांनी पाहता आला.

भांडारकरांच्या वाट्याला जरा घोळ आला. भांडारकर रस्त्यावर भांडारकर संस्था शोधणारा पाहुणा दर महिन्याला कुणाला ना कुणाला भेटतोच. संस्था आहे लॉ कॉलेज रस्त्यावर. रा. गो. भांडारकरांनी १८९१ साली आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला, तेव्हा पुण्यात काय उसळलं असेल याची आता त्या शांत, बंगलेवजा गल्लीत काही खूण नाही.

घोले रस्ता तर फारच छोटा. जंगली महाराज रस्त्यावरून शिरायचं, फर्ग्युसन रस्त्याला निघायचं. त्यावर क्षेत्रीय कार्यालय आहे, म्हणून पुणेकरांच्या तोंडी ‘घोले रोड’ म्हणजे दाखले, परवाने, मिळकतकर आणि रांगा. डॉ. विश्राम रामजी घोले आपल्या काळचे नामांकित शल्यवैद्य. सत्यशोधक समाजाचे पुढारी, जोतीराव फुल्यांचे स्नेही. बाईने शिकलं पाहिजे हे त्यांनी सभेत सांगितलं तसं घरातही केलं. काशी नावाची त्यांची मुलगी, घरात लाडाने तिला बाहुली म्हणत. बाप तिला शिकवतो हे नात्यागोत्यातल्यांना सोसेना. १८७७ साली, आठ-नऊ वर्षांची असताना ती गेली. खाण्यातून काचेचा चुरा घातला गेला, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. डॉक्टर बाप. हात चालणारा, शेकडो लोकांना वाचवलेला. आणि स्वतःच्या लेकीच्या पोटात काय गेलंय हे कळेपर्यंत वेळ टळून गेलेली.

तिच्या नावाने त्यांनी बुधवारात, फरासखान्याजवळ, हौद बांधला. घरोघर नळ नव्हते तेव्हाचे दिवस. हौद कुणाचा, पाणी कुणी भरायचं, कुणी लांब उभं राहायचं, हे सगळं जातीवर ठरलेलं. काशीचा हौद सगळ्यांना खुला. लोकांनी त्याला नाव दिलं बाहुलीचा हौद. यासाठी ना ठराव झाला, ना पाटीचं उद्‌घाटन. पुण्यात स्त्रियांच्या नावांचे रस्ते मोजायला बसलं तर बोटं पुरून उरतात, पण एका पोरीचं घरातलं लाडाचं नाव मात्र भर बाजारात रुळलं. मी म्हणेन, घोल्यांना शहराने रस्ता दिला. काशीला लोकांनी नाव दिलं, आणि दुसरी गोष्ट मोठी. डॉक्टर मागे हटले नाहीत, धाकट्या मुलीलाही त्यांनी शिकवलं असं सांगतात. तो हट्ट रांगेत टोकन घेऊन उभं राहिलेल्या कुणाला ठाऊक असेल?

त्याच रस्त्यावर महात्मा फुल्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे. एके काळी ते लॉर्ड रे यांच्या नावाचं होतं. स्नेह्याच्या रस्त्यावर स्नेही. योगायोग असला तरी चांगला जमला. मंडईच्या बाबतीत मात्र काळाने फुल्यांची थट्टाच केली. नगरपालिकेने लाखो रुपये खर्चून मंडईची टोलेजंग इमारत बांधायला घेतली, तेव्हा फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. रे मार्केट उभं राहिलंच. पुढे आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि त्या इमारतीला विरोध करणाऱ्याचंच नाव तिच्यावर लागलं. अत्र्यांना ही विसंगती कळली नसेल असं मानायला मी तयार नाही. त्यांच्याइतकी तिची चव दुसऱ्या कुणी घेतली असेल?

तरी या सगळ्यांवर कडी आहे सेनापती बापटांची. पुण्यातला त्यांचा रस्ता काचेच्या इमारतींनी गजबजलाय, तो सोडा. खरी गोष्ट मुंबईत आहे. पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. विलायतेला जाऊन बॉम्ब कसे करतात ते शिकून आलेले, आणि गावी परतल्यावर हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारे. मुंबईत झाडूवाल्या कामगारांच्या बाजूनेही ते उभे राहिले. १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह पेटला. टाटांच्या धरणाखाली मावळ्यांची शेतं, भातखाचरं, देवळं बुडणार होती, आणि त्या पाण्यावर भिऱ्याला तयार होणारी वीज मुंबईला जाणार होती. तीन-चार वर्षं झुंज चालली. बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, शेवटी लांबलचक शिक्षा झाली. धरण झालं. गावं पाण्याखाली गेली.

आता मुंबईतला सेनापती बापट मार्ग पाहा. जुन्या लोकांचा तुळशी पाइप रोड. तुळशी तलावाचं पाणी आणणाऱ्या नळावरून ते नाव. माहीम, दादर, परळच्या बाजूने पश्चिम रेल्वेला लागून तो लोअर परळपर्यंत जातो, म्हणजे थेट गिरणगावातून. घाटातलं पाणी अडवून केलेल्या विजेने ज्या मुंबईचा गाडा ओढला, तिच्या ऐन गिरण्यांच्या दारावर या माणसाचं नाव लागलंय. फिनिक्स मिलचा पत्ता आजही ‘सेनापती बापट मार्ग’ असाच लिहितात. मिल गेली, तिथे मॉल झाला, आणि त्याच्या दिव्यांच्या झगमगाटाखाली पाटीवर बापट. मुळशीच्या एखाद्या म्हाताऱ्याला इथे आणून उभं केलं असतं, तर त्याने काय म्हटलं असतं ते छापता आलं नसतं.

याच रस्त्याला समांतर, दादरहून माहीमकडे, एल. जे. रोड जातो. एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी, अवाबाई जमशेटजी जीजीभाय. त्यांचं भांडण मात्र शांतपणाचं. माहीम आणि वांद्रे यांच्या मधे खाडी होती, होडीने ये-जा करताना माणसं बुडत. कंपनी सरकार पैसा खर्चायला राजी नव्हतं. अवाबाईंनी १,५७,००० रुपये स्वतः दिले. अट एकच घातली: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. १८४१ साली काम सुरू झालं, १८४५ साली कॉजवे खुला झाला.

जवळच समुद्रात २००९ साली नवा सागरी सेतू झाला. तो टोल घेतो, आणि पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोचवतो. माहीमच्या कॉजवेवर गाडी कधी कधी तासभर हलत नाही, पण पैसा एक मागत नाहीत. अवाबाईंची अट अजून पाळली जाते आहे.